जगातला सगळ्यात अवघड दगड, पण अवघड हे ठरवतं कोण?

फिनलंडमध्ये लाप्नोर म्हणून एक जागा आहे, तिथे जंगलात ग्रॅनाइटचा एक मोठा दगड आहे. उंची म्हणाल तर चारेक मीटर, शिडी लावली तर कुणीही दोन मिनिटांत वर जाऊन बसेल. पण त्याच्या एका बाजूनं, जिथे दगड पुढे झुकलाय तिथून, नुसत्या हातापायांनी वर जायला नाले हुक्कातायवाल नावाच्या फिनिश क्लाइंबरला तीनेक वर्षं लागली, आणि तो काही नवखा नव्हता, तेव्हाच्या जगातल्या सर्वात तगड्या बोल्डरर्सपैकी, म्हणजे अशा बुटक्या दगडांवर बिनदोराचं चढणाऱ्यांपैकी, एक होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये तो वर पोचला, नाव ठेवलं ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’ आणि ग्रेड, म्हणजे अवघडपणाचा दर्जा, सांगितली ९ए, म्हणजे अमेरिकन पद्धतीत व्ही१७. त्याआधी एवढी ग्रेड जगात कुणीच कुठल्या दगडाला दिली नव्हती. आणि मग साडेसहा वर्षं तिथे दुसरं कुणीही वर जाऊ शकलं नाही.

मी हे वडोदऱ्यात आमच्या दांडिया बाजारात सांगितलं की प्रश्न ठरलेले असतात. शेजारच्या काकूंनी तर व्हिडिओ बघून लगेच विचारलं, “अगं, एवढ्याशा दगडाला तीन वर्षं? आणि सगळ्यात अवघड आहे हे त्यानंच सांगितलं ना, मग खरं कशावरून?” पहिला प्रश्न सगळेच विचारतात, दुसरा फार थोडे विचारतात आणि मला तोच जास्त आवडतो, कारण आधुनिक बोल्डरिंगचा साठ-सत्तर वर्षांचा इतिहास बघितला तर लोक ह्याच प्रश्नाचं उत्तर शोधत आलेत. तर दोन्ही नीट सांगते.

आधी खेळ काय आहे ते. बोल्डरिंगमध्ये दोर नाही, हार्नेस नाही, खिळे-हुक काही नाही. पायात घट्ट रबरी बूट, कमरेला हात कोरडे ठेवणाऱ्या चॉकच्या पावडरीची पिशवी, खाली जाड क्रॅशपॅड अंथरलेले आणि पडलात तर अंग नीट पॅडवर वळवायला एकदोन दोस्त हात वर करून उभे. दगडावरच्या एका ठरावीक वाटेला प्रॉब्लेम म्हणतात. सुरुवातीला हात कुठे असले पाहिजेत ते ठरलेलं असतं, शेवटी दगडाच्या माथ्यावर उभं राहायचं, मधे जमिनीला पाय लागला किंवा पॅडला घासला की तो प्रयत्न गेला, परत पहिल्यापासून. बास, एवढेच नियम. उंची कमी असल्यामुळे माणूस जिवाची फार काळजी न करता अंगातली सगळी ताकद चार-पाच हालचालींमध्ये ओतू शकतो, आणि म्हणूनच मोठमोठ्या कड्यांवर कुठेही सापडणार नाहीत एवढ्या कठीण हालचाली ह्या बुटक्या दगडांवर होतात.

लाप्नोरचा दगड साधारण ४५ अंशांत पुढे झुकलेला आहे. म्हणजे चढताना तुमची पाठ जमिनीकडे असते, अर्धवट छताला लटकल्यासारखं. अशा वेळी पाय सुटला की अख्खं शरीर झोका घेऊन बाहेर जातं आणि तो झोका बोटांना सहन होत नाही. त्यामुळे बोटांची ताकद जेवढी लागते तेवढीच पोटाची, पाठीची आणि मांड्यांची लागते, पायाच्या अंगठ्याचं टोक दगडाच्या एका पुटकुळीवर दाबून ठेवायला. हाताला जे होल्ड, म्हणजे पकडायच्या जागा, मिळतात ते अगदी उथळ कडा, बोटांचं पहिलं पेरंसुद्धा पूर्ण बसत नाही असे. ह्यांना क्रिंप म्हणतात. बोटं वाकवून, अंगठा वरून दाबून, सगळं वजन बोटांच्या टोकांवर आणि त्यातल्या स्नायुबंधांवर घ्यायचं, आणि तसंच धरून दुसऱ्या हातानं पुढच्या तितक्याच वाईट होल्डवर झेपायचं.

आता तीन वर्षं कशी जातात ते बघा, हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो कारण लोकांना वाटतं हा माणूस रोज तिथे जाऊन तेच तेच करत होता. समजा प्रॉब्लेममध्ये पाच कठीण हालचाली आहेत आणि प्रत्येक हालचाल तुम्हाला सुटी, ताज्या हातांनी, दहा प्रयत्नांत एकदा जमते. म्हणजे चांगलंच जमतंय की! पण पाचही सलग जमायची शक्यता काढा, दहाचा पाच वेळा गुणाकार, एक लाखात एक. मेहनत करून प्रत्येक हालचाल दोनातून एकदा जमायला लागली तरी सलग पाच म्हणजे बत्तीसात एक, आणि हेसुद्धा थकवा अजिबात धरला नाही तर, प्रत्यक्षात चौथ्या हालचालीपर्यंत बोटं अर्धी संपलेली असतात. म्हणून हे लोक आधी एकेक हालचाल सुटी करतात, मग दोन जोडतात, मग तीन, आणि मधेच कुठेतरी कळतं की डावा पाय दोन सेंटिमीटर उजवीकडे ठेवला किंवा कंबर आधी वळवली तर उजव्या खांद्यावरचा भार कमी होतो. हालचालींच्या ह्या सगळ्या बारकाव्यांना मिळून बीटा म्हणतात. नालेचे ह्या दगडावर ४००० च्या आसपास प्रयत्न झाले असं सांगितलं जातं. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांचा, आणि त्यातले बहुतेक एकाच हालचालीचे.

त्यात भर कातडीची. उत्तरायणला दिवसभर मांजा ओढून बोटांना जे काप पडतात ना, तसे काप इथे दगडाच्या कडांनी पडतात, आणि एकदा टोकाची कातडी फाटली की आठवडाभर नुसतं बसून बघायचं. शिवाय घाम. बोटांखाली ओलावा आला की पकड सुटते, आणि बुटाचं रबरही गरमीत मऊ पडून छोट्या कडेवरून घसरतं, म्हणून कठीण प्रॉब्लेम करणारे थंड आणि कोरड्या हवेची वाट बघतात. आपल्याकडे मे महिन्यात कुणी हौसेनं पावागढच्या बाजूला दगडाला हात लावायला गेलं तर पाच मिनिटांत कळतं मी काय म्हणते ते. फिनलंडमध्ये उलटा त्रास, हिवाळ्यात बर्फ आणि अंधार, उन्हाळ्यात दमट, मधले थोडे आठवडे खरे कामाचे. म्हणजे तीन वर्षं म्हटलं तरी नेमकी हवा, शाबूत कातडी आणि ताजं अंग हे तिन्ही एकत्र आलेले दिवस फार थोडे, आणि त्यातल्या एका दिवशी ते मोजके सेकंद नीट जुळून यायला हवेत.

हे झालं पहिलं उत्तर. आता दुसरा प्रश्न, खरं कशावरून.

ह्यासाठी जॉन गिलकडे जावं लागतं. अमेरिकन माणूस, गणिताचा प्राध्यापक, आणि आधुनिक बोल्डरिंगचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. १९५० च्या दशकात बाकी बहुतेक क्लाइंबर्स दगडांवर फक्त मोठ्या डोंगरांची तयारी म्हणून खेळायचे, गिल हा आधी जिमनॅस्ट, त्यानं दगडावरच्या छोट्या चढाईला जिमनॅस्टिक्ससारखा स्वतंत्र खेळ मानलं, हाताला लावायची चॉकची पावडर जिमनॅस्टिक्समधून त्यानंच क्लाइंबिंगमध्ये आणली आणि झेप घेऊन होल्ड पकडणं उघडपणे शिकवलं. (आपल्याकडे जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या ठिकाणी मल्लखांब केलेली पोरं पहिल्यांदा क्लाइंबिंग वॉलवर आली तरी ज्या सहजतेनं अंग गोळा करून पाय वर घेतात ते बघून मला नेहमी गिलच आठवतो, ह्या पोरांना कुणीतरी दगडांपर्यंत न्यायला पाहिजे असं मनापासून वाटतं.) १९६१ मध्ये त्यानं साउथ डाकोटाच्या नीडल्स भागात ‘थिंबल’ नावाचा साधारण नऊ मीटरचा सुळका बिनदोराचा चढला, खाली पार्किंगचं लाकडी रेलिंग, क्रॅशपॅड ही वस्तूच तेव्हा नव्हती.

पण माझ्या विषयासाठी गिलची सगळ्यात मोठी देणगी म्हणजे त्याची बी-पद्धत. तीनच पायऱ्या. बी१ म्हणजे तेव्हाच्या दोर लावून केलेल्या सर्वात कठीण चढाईच्या तोडीचं. बी२ म्हणजे त्याहून कठीण. आणि बी३ म्हणजे असा प्रॉब्लेम जो फक्त एकदाच झालाय, इतरांनी मनापासून प्रयत्न करूनही जमलेला नाही. दुसऱ्या कुणी केला की बी३ आपोआप संपलं, तो खाली बी२ किंवा बी१ मध्ये उतरला. किती प्रामाणिक पद्धत आहे बघा! माणूस स्वतःहून एवढंच म्हणतो की मला जमलं, तुम्हाला अजून जमलेलं नाही, ह्यापुढे मी काही दावा करत नाही. मला वाटतं गणितवाला होता म्हणूनच त्याला हे सुचलं, एकाच मोजमापावरून निष्कर्ष काढायचा नाही ही सवय.

पुढे लोकांना तीन पायऱ्या पुरेनात. पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या जंगलात सँडस्टोनचे हजारो दगड आहेत, तिथले क्लाइंबर्स विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून खेळत होते, त्यांची आकडा-आणि-अक्षर अशी पद्धत होती, तीच आज युरोपात चालते, ८ए, ८बी, ८सी, मधे प्लस. अमेरिकेत टेक्सासच्या ह्युएको टँक्समध्ये जॉन शर्मननं १९९० च्या सुमारास व्ही-पद्धत बसवली, त्याचं टोपणनाव व्हर्मिन, त्यावरून व्ही. ह्या दोन्ही पद्धतींना वरची मर्यादा नाही, दगड जेवढे कठीण होतील तेवढा आकडा वाढत जातो. पण त्यामुळे गिलनं जे टाळलं होतं ते परत आलं, पहिल्यांदा चढणाऱ्यालाच आता आकडा सांगावा लागतो.

आणि पहिल्याचा अंदाज चुकायची कारणं अगदी साधी असतात. एक म्हणजे त्याला कुणी बीटा दाखवलेला नसतो, सगळं स्वतः शोधलेलं, त्यामुळे तो कधीकधी उगाच कठीण पद्धतीनं चढलेला असतो. दुसरं, त्याची उंची, हाताची लांबी, बोटांची जाडी, एखाद्याला जी कडा नेमकी बसते ती दुसऱ्याला बसत नाही. तिसरं, हे होऊ शकतं की नाही हेच त्याला माहीत नसतं, आणि हा मनावरचा भार सर्वात मोठा, कारण दुसऱ्या माणसाला निदान एवढं तरी ठाऊक असतं की होतं. अमेरिकेतल्या योसेमिटीच्या कॅम्प ४ मधल्या ‘मिडनाइट लाइटनिंग’चं हेच झालं. कोलंबिया बोल्डर नावाच्या भल्यामोठ्या दगडावर जॉन याब्लोन्स्कीला ती वाट दिसली, बाकीच्यांना ती अशक्य वाटायची, १९७८ मध्ये रॉन काउक वर गेला, मग जॉन बाकर गेला, त्यानं काढलेली चॉकची वीज त्या दगडाची ओळखच झाली. तेव्हा तो जगातल्या सर्वात कठीण प्रॉब्लेम्सपैकी होता, आज त्याची ग्रेड व्ही८ आहे, म्हणजे भरपूर लोक करतात, १९९८ मध्ये लिसा रँड्स तो करणारी पहिली बाई ठरली. दगड तोच, बदलली ती माणसांची तयारी.

त्यामुळे कुठल्याही मोठ्या ग्रेडची खरी परीक्षा रिपीटमध्ये होते, म्हणजे दुसरं कुणी येऊन चढून काय म्हणतं त्यात. स्वित्झर्लंडच्या क्रेस्चानोमध्ये फ्रेड निकोलनं २००० साली ‘ड्रीमटाइम’ केला आणि ८सी म्हटलं, तेव्हा केवढी मोठी बातमी होती, नंतरच्यांनी हालचाली वेगळ्या केल्या आणि ग्रेड ८बी प्लसवर आली. ह्याच्या बरोबर उलटं इटलीतल्या ‘जोया’चं, क्रिस्तियान कोरेनं २००८ मध्ये केला आणि ८सी म्हटलं, २०११ मध्ये आडम ओंद्रा आला आणि म्हणाला हा ८सी प्लस आहे, म्हणजे पहिल्यानं कमी सांगितलं होतं! तिसरा चढणारा कोण, तर आपला नाले, २०१४ मध्ये. म्हणजे लाप्नोरच्या दगडाशी झुंजत असतानाच तो दुसऱ्याच्या मोठ्या प्रॉब्लेमचा साक्षीदारही होता, ग्रेड वर-खाली कशी होते ते त्यानं जवळून बघितलेलं.

आणि तरीही त्यानं ९ए म्हटलं. मला इथे त्याचं धाडस कळतं. पुढे फाँतेनब्लोमध्ये अनवाणी चढणाऱ्या शार्ल आल्बेरनं २०१९ मध्ये ‘नो क्पोते ओन्ली’ला ९ए दिलं, रिपीट करणाऱ्यांनी ८सी प्लस म्हटलं. २०२१ मध्ये तिथेच बेल्जियमच्या सिमों लोरेंझीनं ‘सूदँ सल’ला ९ए दिलं, थोड्याच काळात निको पेलोर्सननं तो केला आणि ८सी प्लस सुचवलं. २०२३ मध्ये केटी लॅम्बनं कोलोराडोत ‘बॉक्स थेरपी’ केला, बाईनं केलेला पहिला व्ही१६ म्हणून सगळीकडे गाजला, मग ब्रुक राबूतूनं तोच करून व्ही१५ सुचवलं. ह्यात कुणी खोटं बोललेलं नाही हे मला ठासून सांगायचंय, कारण बातम्यांखाली लोक लगेच तोंडसुख घेतात. पहिला माणूस आपलं मत देतो, दुसरा आपलं देतो, आणि आठ-दहा जणांनंतर जे उरतं त्याला ग्रेड म्हणायचं.

बर्डन ऑफ ड्रीम्सचा त्रास असा की दुसरा माणूसच येईना. म्हणजे मोठमोठे क्लाइंबर्स आले, हात लावून गेले, पण वर कुणी गेलं नाही. दरम्यान ९एचे आणखी दावे आले, मार्च २०२१ मध्ये डॅनियल वुड्सनं अमेरिकेतल्या रेड रॉक्समध्ये ‘रिटर्न ऑफ द स्लीपवॉकर’ केला, एप्रिल २०२२ मध्ये शॉन राबूतूनं स्वित्झर्लंडच्या किरोनिकोमध्ये ‘आल्फान’ केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आल्फान रिपीट झाला, करणाऱ्यांत स्कॉटलंडचा विल बोसी होता, वय तेव्हा तेवीस. आणि हाच बोसी पुढे लाप्नोरला गेला.

बोसीनं काय केलं तर जायच्या आधी त्या दगडाच्या होल्डचं थ्रीडी स्कॅनिंग करून बनवलेले हुबेहूब होल्ड, म्हणजे रेप्लिका, घरच्याच देशात इनडोअर भिंतीवर त्याच कोनात लावले आणि त्यावर महिनोन्‌महिने सराव केला. मग फिनलंडला जाऊन १२ एप्रिल २०२३ ला वर. आणि सांगितलं की हो, ९ए बरोबर आहे. साडेसहा वर्षांनी नालेच्या शब्दाला दुसऱ्याचा शब्द मिळाला, आणि तोही अशा माणसाचा ज्यानं दुसरा ९एसुद्धा केलेला होता, म्हणजे ज्याच्याकडे तुलना करायला काहीतरी होतं. मला ह्या सगळ्या इतिहासातली ही सर्वात मोठी गोष्ट वाटते, पहिल्या चढाईपेक्षाही.

रेप्लिकावर मात्र वाद आहे. काही जुने लोक म्हणतात की अशी घरात तयारी केली म्हणजे दगड सोपा झाला. माझं मत वेगळं आहे. ग्रेड दगडाची असते, त्यासाठी किती विमानतिकिटं काढली त्याची नाही. हालचाली तेवढ्याच कठीण राहतात, फक्त त्या शिकायला हवामानाची वाट बघावी लागत नाही. नालेला जी पहिल्यांदा शक्य आहे का ह्याचीच शंका होती ती बोसीला नव्हती, हे खरंय, पण ती कुठल्याच दुसऱ्या माणसाला नसते, रेप्लिका असो नसो.

एक धोका मात्र सगळ्या ग्रेड्सच्या डोक्यावर कायम असतो, दगडच बदलणं. एखादी कडा तुटली की प्रॉब्लेम वेगळा झाला, आधीच्या सगळ्यांची मतं जुन्या दगडाबद्दलची. निसर्गानं तुटली तर काय करणार, पण आपल्याकडे उत्तर गुजरातेत ईडरला जा, अहमदाबाद-हिंमतनगर करत, तिथे ग्रॅनाइटचे असे सुंदर गोल दगड आहेत की बघत राहावं, आणि तिथेच खाणींसाठी ते फोडलेही जातात, लोकांनी आंदोलनंही केली. एखादा दगड फुटला की त्यावर काय शक्य होतं हे कधीच कुणाला कळणार नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तिकडे गेलात तर होल्ड मोठा करायला छिन्नी लावू नका, चॉक ब्रशनं पुसून या, आणि चांपानेर-पावागढच्या कोरीव दगडांना तर हातच लावायचा नाही, तो युनेस्कोचा वारसा आहे, चढायला ईडर आणि माउंट अबू भरपूर आहे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “मग आता बरेच जण चढले असतील, ग्रेड उतरली का?” बरेच नाही, मोजके. बोसीनंतर त्याच वर्षी तिसरा चढला तो सिमों लोरेंझी, तोच, ज्याच्या स्वतःच्या ९एवर दुसऱ्यानं ८सी प्लस म्हटलं होतं, आणि पुढे इटलीचा एलियास यान्येम्मा. ग्रेड अजून ९एच आहे. गिलच्या हिशेबानं मात्र १२ एप्रिल २०२३ लाच तो बी३ राहिला नव्हता.